दात, हात, बात आणि नजर

सोमवार, १८ नोव्हेंबर १९७४

आजपासून रोजनिशी. ही डायरी औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीतच दिली होती, पण लिहिण्याजोगं काही घडेना म्हणून थांबलो होतो. तेवढ्यात जानेवारी ते मार्चची पानं भागिरथेने चूल पेटवायला घेतली. बायकोशी वाद घालण्याचा माझा स्वभाव नाही.

आज मात्र घडलं. आमच्या आरोग्य केंद्रात नवे डॉक्टर आले, डॉ. सरनाईक. वय अठ्ठावीस असेल. मी इथे तेरा वर्षं मलमपट्टी करणारा ड्रेसर आहे, तेव्हा यांना हळूहळू तयार करावं लागेल असं मनाशी म्हणत होतो, तर त्यांनीच आम्हाला बाकावर बसवून शिकवायला सुरुवात केली. विषय लकवा. म्हणाले, इथून अकोल्याचं मोठं हॉस्पिटल जीपने अडीच तास. डॉक्टर दर वेळी सोबत येऊ शकणार नाही. मागे पेशंटजवळ बसतो तो तायडे. (म्हणजे मी, भिवाजी तायडे.) म्हणून लकवा आहे का, आणि असला तर मोठा आहे का, हे तायड्यांना पेशंटच्या दारातच ओळखता आलं पाहिजे.

चार खुणा. दात दाखवायला सांगायचं, तोंड एका बाजूला ओढलं जातं का बघायचं. दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला लावायचं, एक हात आपोआप खाली येतो का बघायचं. मग एक ठरलेलं वाक्य म्हणून घ्यायचं. आणि शेवटी नजर. दोन्ही डोळे एकाच बाजूला वळून तिथेच अडकले असतील तर लकवा मोठा. मग केंद्रात थांबायचं नाही, सरळ अकोला. पेशंट कुशीवर, तोंडात पाण्याचा थेंबही नाही, आणि माणूस शेवटचा धड कधी होता ती वेळ कागदावर.

दात, हात, बात, नजर. जुळवणी माझी. वाक्यही माझं: आज मंगरूळपीरचा बाजार हाये. डॉक्टरांना दोन्ही आवडलं.

जाता जाता म्हणाले, घरी चाळिशीच्या पुढचं कोणी असेल तर बीपी तपासून घ्या, लकव्याचं मूळ बहुतेक तिथेच असतं. भागिरथा बेचाळीसची. उद्याच नेतो.

रिझोल्यूशन: वेळ टिपायची सवय लागावी म्हणून यापुढे रोजनिशीत शक्यतो सगळ्याची वेळ लिहायची.

मंगळवार, १९ नोव्हेंबर. सायं. ६.४०

बीपीचं राहिलं. भागिरथा वेचणीला गेली होती, कापूस फुटलाय. संध्याकाळी तिच्यावरच प्रॅक्टिस केली. दात दाखव म्हटलं तर पदर तोंडाला लावून हसायला लागली. हात समोर धरले, डोळे मिटले, बाजाराचं वाक्य म्हणाली. वर विचारते, बाजार असन तं मंग जाता काय, वांगे आणायचे हायेत. मी गंभीर राहिलो. नॉर्मल माणूस कसा दिसतो हे आधी पक्कं डोक्यात बसलं पाहिजे. निदान शंभर वेळा तरी बघणार.

गुरुवार, २१ नोव्हेंबर. दुपारी १.१०

बसस्टँडवर गोविंदा भेटला. बोलणं जड वाटलं, गाल एकीकडे सुजल्यासारखा. ताबडतोब बाकावर बसवलं. दात दाखवा. म्हणे, नाईत. मला वाटलं रोगी असंबद्ध बोलतोय, ही तिसरी खूण. तोंड उघडायला लावलं तर खरंच एकही दात नाही, आणि गालात तंबाखू. दहा-बारा माणसं जमली होती. त्यातला एक जण म्हणाला की याचे दात दोन वर्षांमागं आपणच चिमट्यानं काढले ना साहेब. काढले असतील. तेरा वर्षांत किती जणांचं काय काय काढलं, कुठवर लक्षात ठेवणार.

भागिरथा डोकं दुखतं म्हणत होती. एपीसीची गोळी दिली.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. सायं. ७

पहिली केस. तांड्यावरून निरोप आला की हेमला बोलत नाही, उभा राहत नाही. भाऊसिंग ड्रायव्हरला घेऊन धावलो. दात दाखवेना. हात धरवेना. वाक्य म्हणेना. तीन खुणा. भाऊसिंग म्हणाला, भाऊ, वास तं घ्या. मी त्याला सांगितलं की ड्रायव्हरने स्टिअरिंगकडे बघावं. हेमलाला कुशीवर निजवलं आणि सरळ अकोला.

बार्शीटाकळीच्या अलीकडे हेमला उठून बसला. म्हणे, मले इथंच उतरून द्या, इथं माह्या बहिणीचं घर हाये. चांगलं घडाघडा बोलला. उतरला, आम्हाला चहालाही बोलवत होता. मी जीपमध्येच बसून राहिलो. भाऊसिंग जाऊन पिऊन आला.

डॉक्टर म्हणाले, नजर तपासली होती का. तेवढीच राहिली होती. शिवाय वास हे पाचवं निरीक्षण डॉक्टरांनी शिकवलंच नव्हतं, त्याला मी काय करणार. आज घरी प्रॅक्टिस चार वेळा. भागिरथेने चौथ्यांदा दात दाखवले पण हसली नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर. रात्री ८

आजचा दिवस लिहिण्यासारखा.

धनजकडच्या रस्त्याला एका वस्तीवर पुंजाजी नावाचे म्हातारे सकाळी मोटेजवळ पडले. जीप घेऊन पोचलो तर दारात गर्दी. एकाने पारव्याचं रक्त चोळायला पारवा पकडून आणलेला, घरातली बाई चमच्याने चहा पाजायच्या तयारीत. मी पारवा सोडायला लावला आणि चमचा हातातून घेतला. दात दाखवा, तोंड डावीकडे ओढलेलं. उजवा हात उचलेना. बात बंद. मी क्षणभर विचार करत थांबलो. तेवढ्यात भाऊसिंग मागून म्हणाला, भाऊ, डोये पाहा, दोनी डावीकडंच हायेत, माह्या बापाले असंच झालतं. मी तेच पाहत होतो.

कुशीवर निजवून अडीच तासांत अकोला. तिथले डॉक्टर म्हणाले की मोठा झटका आहे, पण पोटात काही न घालता आणि कुशीवर आणला म्हणून छाती साफ आहे. कोणी शिकवलं, विचारलं. मी नाव सांगितलं. माझं.

घरी येऊन भागिरथेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, भाऊसिंगभाऊ हुशार हायेत. मी विषय बदलला.

बुधवार, २७ नोव्हेंबर. सकाळी ६.३०

आता रस्त्याने चालता येत नाही. लोक हाका मारून दात दाखवतात. पोरं थट्टा करतात असं भाऊसिंगचं मत. माझ्या मते जागृती आहे.

पहाटे भागिरथेची झोपेतून उठल्या उठल्या टेस्ट घेतली, कारण डॉक्टर म्हणाले होते की पुष्कळ झटके पहाटे येतात. ती चिडली. म्हणे, मी काय बाजारातला बैल हाओ, रोज उठून दात पाहून राह्यले ते. वर म्हणे, उजव्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या तं त्याचं काही सांगा, दातायचं नका सांगू. कापूस वेचून येतात, सांगितलं. हाताला रॉकेल चोळायला दिलं.

बीपीचं या आठवड्यात नक्की.

शनिवार, ३० नोव्हेंबर. दुपारी ४

मंगरूळपीरहून पत्र. गुरुवारी, ५ डिसेंबरला, तालुक्यातल्या सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांची मीटिंग. त्यात भिवाजी तायडे, ड्रेसर, यांनी लकवा ओळखण्याची पद्धत प्रात्यक्षिकासह दाखवावी. पत्र डॉक्टरांनी मागवून घेतलं म्हणतात. त्यांनी मोठेपणा घेतला तर घेऊ दे.

भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य: बंधुभगिनींनो, लकवा आधी डोळ्यांना दिसतो, मग मनाला पटतो. चांगलं झालंय.

रविवार, १ डिसेंबर. सायं. ५.२०

भाषणाची रंगीत तालीम. भागिरथेला मधोमध बसवलं, शेजारच्या कस्तुराबाई आणि त्यांच्या दोन सुना प्रेक्षक. सगळ्यांसमोर भागिरथेला दात दाखवायला सांगितलं तर ती उठून आत गेली. कस्तुराबाई हसत होत्या, सुनाही. नंतर आत जे झालं ते थोडक्यात. ती म्हणाली, अजून एकदा दात दाखवायले लावले तं मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाई. मलाही राग आला. भिंतीवर डाव्या हाताला बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्यासमोर उभा राहून शब्द दिला की भागिरथेची टेस्ट पुन्हा घेणार नाही, तिने स्वतः सांगितलं तरी नाही.

ती म्हणाली, पाहू. तेव्हापासून अबोला.

तिचा अबोला मला नवा नाही. केशर, आमची मुलगी, रिठदला दिली तेव्हा अकरा दिवस चालला होता. पाणी प्यायला द्यायचं असलं तरी तांब्या समोर आदळायची. आपण शांत राहायचं, मग ती आपोआप विरघळते.

मंगळवार, ३ डिसेंबर. सायं. ७.१५

अबोला चालू. कस्तुराबाईंकडून कळलं की तिचं डोकं दोन दिवस ठणकतंय आणि चालताना भिंत धरते. मला सांगितलं असतं तर मी बघितलं असतं. आपण होऊन विचारायचं तर माघार घेतल्यासारखं होतं. कस्तुराबाईंच्या हाती एपीसीच्या दोन गोळ्या पाठवल्या.

बीपी आता गुरुवारनंतर. मीटिंगहून आलो की मोकळाच आहे.

६ तारखेला विहारात सगळे जमणार, म्हणून तिने पांढरं लुगडं काढून ठेवलंय, उद्या-परवा धुणार दिसतं. म्हणजे तब्येत ठीकच आहे.

गुरुवार, ५ डिसेंबर. सकाळी ७.३५

आज प्रात्यक्षिक. मन शांत ठेवायचं ठरवलंय, पण घरातून जायच्या आधी जे घडलं ते लिहून मोकळा होतो. वेळांसकट लिहितो, म्हणजे पुढे वाद नको.

६.२०: मी मोरीवर दाढी करताना म्हणालो की मी आज मंगरूळपीरला जाणार. ती बोलली नाही, पण हुं केलं. चेहरा ठीक होता.

६.५०: तिच्या हातून तांब्या पडला. उचलला नाही. पाणी चुलीपर्यंत गेलं. आदळआपट मी ओळखून आहे.

७.०५: मला डाव्या हाताने भाकर वाढली. बावीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. डाव्या हाताने आपण कुत्र्यालाही टाकत नाही. माझ्या मंगरूळपीरच्या दिवशी हा अपमान. मी काही न बोलता तशीच खाल्ली, त्यातच तिला काय ते कळावं.

७.१५: शेवटी मीच विचारलं की एवढा राग कशाचा. माझ्याकडे बघून अर्धंच हसली, ओठांच्या एका कडेने. असं कुत्सित हसू तिला कुठून आलं माहीत नाही. काहीतरी पुटपुटली, समजण्यासारखं नव्हतं. मला ऐकू जाऊ नये म्हणूनच पुटपुटली असणार.

७.२५: भिंतीला टेकून बसली आणि फोटोकडे बघत राहिली. मी उजवीकडे उभा. येतो म्हणालो, तर मानसुद्धा वळवली नाही. नजर तिकडेच. बुद्धांकडे माझी तक्रार चाललेली दिसते. करू दे. त्यांना दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

बाहेर जीपचा हॉर्न. भाऊसिंग आलाय. डायरी सोबत घेतो, भाषण हिच्यातच आहे.

त्याच दिवशी. दुपारी ३.४०

अप्रतिम. साठेक माणसं. दात, हात, बात, नजर, सगळं भाऊसिंगला पेशंट करून दाखवलं. टाळ्या झाल्या. एका नर्सबाईंनी विचारलं की पेशंट आपल्याच घरचा असेल तर काही वेगळं करायचं का. मी म्हणालो, उलट घरच्याचं सोपं, आपण त्याला रोज बघतो.

३.३० ला घरी. ती तिथेच, भिंतीजवळ, आता कलंडलेली. डोळे उघडे, फोटोकडे. बाहेर दोरीवर पांढरं लुगडं अर्धं खाली लोंबतंय, उचललं नाही. चूल थंड. सकाळची भाकर टोपल्यात होती, ती घेऊन बसलोय. मीटिंगचं तिला सांगायला सुरुवात केली आहे, ऐकत नसल्याचं दाखवते.

४.१० कस्तुराबाई आल्या

अकोला. शुक्रवार, ६ डिसेंबर. सकाळी १०

कालचं शेवटचं वाक्य अर्धं राहिलंय. पुरं करतो.

कस्तुराबाई विरजण मागायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, भिवाजीभाऊ, हिचं तोंड पाहा ना बाप्पा, लाळ गळून राह्यली अन् तुमी जेवून राह्यले. त्यांनी तिचा उजवा हात उचलून सोडला, तो पडला. त्यांना कोणी काही शिकवलेलं नाही.

मी उठलो. त्यानंतरचं सगळं नीट आठवत नाही. तेरा वर्षांचा अनुभव, पण मी अंगणात उभा राहून भाऊसिंग, भाऊसिंग म्हणत होतो, आणि भाऊसिंग माझ्यासमोरच उभा होता असं तो सांगतो. डॉ. सरनाईक जीपपर्यंत धावत आले. त्यांनी डोळे बघितले, बीपी घेतलं, आकडा मला सांगितला नाही. सरळ अकोला म्हणाले.

जीपमध्ये तिचे ओठ वाळलेले दिसले. मी तांब्यातून पाणी तिच्या तोंडात घातलं. भाऊसिंगने आरशात बघून गाडी थांबवली. म्हणाला, भाऊ, पाणी नका देऊ, तुमीच तं सांगून राह्यले होते साऱ्यायले सकाळी. तिला ठसका लागला, चेहरा निळा झाला. भाऊसिंगने मागे येऊन तिला कुशीवर केलं, तेव्हा पाणी बाहेर आलं. उरलेल्या रस्त्यात तांब्या त्याने पुढे स्वतःजवळ ठेवला.

६.५० ला पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, शेवटची धड कधी होती. मला सांगता येईना. मी डायरी काढून दिली.

त्यांनी ते पान उभ्याउभ्याच वाचलं. सहा वीस, सहा पन्नास, सात पाच. शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला बोलवून मोठ्याने वाचून दाखवलं. हात, चेहरा, बोलणं, नजर, सगळं क्रमाने आणि वेळेसकट. म्हणाले, इतकी चांगली नोंद मी कोणा डॉक्टरची बघितली नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं की एवढं सगळं साडेसातलाच दिसत होतं, तर आणायला संध्याकाळ का केली.

मी म्हणालो, जीप नव्हती.

जीप होती. मी तीत बसलो होतो.

रविवार, ८ डिसेंबर. अकोला

केशर रिठदहून आली. मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं, अबोला, शब्द, माझी परिस्थिती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा, माय कदी डाव्या हातानं वाढते काय, एवढं नाई समजलं तुमाले.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. गाठोड्यात पांढरं लुगडं आहे, कस्तुराबाईंनी घाईत ओलंच बांधून दिलं होतं. ते कठड्यावर वाळत घातलं. सहा तारीख तर निघून गेली.

तिला ताप चढलाय. छातीत कफ आहे. पाणी आत गेल्याने असेल का, विचारलं नाही. विचारायला हवं होतं. उद्या विचारतो.

गुरुवार, १२ डिसेंबर. अकोला

विचारलं. असू शकतं म्हणाले. ताप उतरतोय.

आज डॉ. सरनाईक स्वतः बसने आले. त्यांना बाहेर नेलं आणि म्हणालो की सकाळी आणलं असतं तर. ते म्हणाले, तायडे, आपल्याकडे यावर जादूचं औषध नाही, सकाळी आणलं असतं तरी हात वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. मला बरं वाटलं. मग मी दुसरं विचारलं, बीपी तपासलं असतं तर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. म्हणाले, चहा घेऊ.

आकडा मात्र आज सांगितला. वरचा दोनशे तीस. अठरा नोव्हेंबरपासून पाच डिसेंबरपर्यंत सतरा दिवस. केंद्र माझ्या घरापासून दीडशे पावलं. मशीन माझ्याच टेबलावर असतं, रोज सकाळी धूळ मीच पुसतो.

मी गुन्हेगार आहे. हे वाक्य इथे लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत मला दुसरं काहीतरी सुचलेलं असेल.

शुक्रवार, २० डिसेंबर

घरी आणलं. भाऊसिंगने जीप इतकी हळू चालवली की बैलगाड्या पुढे गेल्या. धरून चार पावलं चालते. उजवा हात नाही. डोळे आता दोन्हीकडे वळतात, पहिल्यांदा वळले तेव्हा माझ्यावरच आले, आणि मीच दुसरीकडे बघितलं.

बोलणं आलंय, पण एकच शब्द. बाजार. पाणी हवं असलं तरी बाजार, केशरला हाक मारायची तरी बाजार. तिकडचे डॉक्टर म्हणाले की कधी कधी एखादाच शब्द मागे राहतो, कोणता राहील ते सांगता येत नाही. मला सांगता येतं. शंभर वेळा मीच म्हणून घेतला होता.

मंगरूळपीरहून पत्र आलंय, जानेवारीत पुन्हा प्रात्यक्षिक द्यावं. त्याच पत्राच्या मागे भाऊसिंगचं नाव लिहून परत पाठवलं.

मंगळवार, ३१ डिसेंबर. दुपारी ३.५०

शेवटचं पान.

केशर सकाळच्या बसने रिठदला गेली. आता दोघंच. भाकरी मी करतो. कडा फाटतात, मध्ये कच्ची राहते. भागिरथा डाव्या हाताने खाते. मी उजव्याने वाढतो.

दुपारी तिच्याजवळ बसून ही डायरी वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. गोविंदाच्या दातांना हसली. अर्धंच हसू, तेच ते, मी कुत्सित म्हणालो होतो ते. हेमलाच्या बहिणीचं आलं तेव्हाही हसली. पाच डिसेंबर आलं तेव्हा मी थांबलो. तिने डावा हात पानावर आपटला. वाचलं. सहा वीस, सहा पन्नास, सात पाच. जीप नव्हती तेही वाचलं आणि जीप होती तेही.

मग विचारलं, तू रागावली आहेस का माझ्यावर.

बाजार, म्हणाली.

हो म्हणाली की नाही म्हणाली, कळलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा बाजार, थोडं मोठ्याने. मग तिने डाव्या हाताने माझी हनुवटी धरली आणि ओठ वर ढकलला. मला वेळ लागला समजायला. मी दात दाखवले. तिने नीट निरखून पाहिलं, एक कड, दुसरी कड. माझे हात धरून समोर केले, एक एक करून. पापण्यांवर बोट ठेवून डोळे मिटवले. मग थांबून राहिली. मी म्हणालो, आज मंगरूळपीरचा बाजार हाये. डोळे उघडले तेव्हा ती माझ्या डोळ्यांतच बघत होती.

डॉक्टर कालच म्हणाले होते की तायडे, तुमचंही बीपी बघायला हवं, तुम्ही पंचेचाळीसच्या पुढे. मी तिला सांगितलं की टेस्टमध्ये पास झालो, बीपीला उद्या जातो. नवीन वर्षापासून सगळं व्यवस्थित करायचं ठरवलंच आहे.

तिने माझा सदरा धरला. सोड म्हटलं तर सोडेना. उद्या नक्की, म्हणालो. बाजार, म्हणाली, आणि दाराकडे ओढायला लागली.

दीडशे पावलांना पस्तीस मिनिटं लागली. आता ४.३०, केंद्राच्या बाकावर बसून लिहितोय. डॉक्टर वस्तीवर बाळंतपणाला गेलेत, कधी येतील माहीत नाही. मशीन समोर टेबलावर आहे, आठवडाभर पुसलेलं नाही. भागिरथा शेजारी बसली आहे, पांढऱ्या लुगड्यात. सदऱ्याचं टोक तिने अजून सोडलेलं नाही.